थांबलेल्या करिअरला पुन्हा गती कशी द्यावी?

अर्धविराम (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी गेली दहा-बारा वर्षे एका विमा कंपनीत माहिती-विश्लेषक म्हणून काम करतो आहे. सुरुवातीची पाच-सहा वर्षे सतत काही ना काही नवे शिकायला मिळत होते आणि बढतीही मिळाली. त्यानंतर मात्र पद तेच आहे, दरमहा तयार करायचे अहवाल तेच आहेत आणि ते मागणारी माणसेही तीच आहेत. कामाबद्दल कोणाची तक्रार नाही. वार्षिक मूल्यमापनात समाधानकारक शेरा न चुकता मिळतो, आणि उघडपणे काहीच बिघडलेले नसल्यामुळे दुरुस्तीला हात कोठून घालावा हेच मला कळेनासे झाले आहे.

नवा अभ्यासक्रम सुरू केला की पहिले काही आठवडे उत्साह असतो, मग तो ओसरतो. माझ्यानंतर आलेले सहकारी पुढे जाताना दिसतात; त्यांच्याविषयी असूया वाटत नाही, पण स्वतःविषयी एक प्रकारची उदासीनता वाटते. मला प्रामाणिकपणे विचारायचे आहे, की आधी प्रेरणा परत येण्याची वाट पाहावी, की प्रेरणा नसतानाही काम हाती घेतल्यावर ती येते? आणि अशा अवस्थेत नोकरी बदलणे हाच खरा उपाय असतो का?

टाचण

आपण प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला आहे, म्हणून उत्तरही थोडे सविस्तर देतो. 'करिअर थांबले' या एकाच वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात आणि त्यांवरचे उपाय एकमेकांपासून फार भिन्न आहेत. ज्युडिथ बार्डविक यांनी 1986 साली ही विभागणी मांडली होती. पहिल्या अवस्थेत वर जाण्याची जागाच उरलेली नसते, कारण संस्थेची रचना पिरॅमिडसारखी वर निमुळती होत जाते. दुसऱ्या अवस्थेत कामातले शिकणे संपलेले असते. माणूस कामात पूर्ण पारंगत झालेला असतो आणि नेमके म्हणूनच त्याचे मन लागत नाही. तिसऱ्या अवस्थेत साचलेपण केवळ नोकरीत नसून एकूण आयुष्यातच आलेले असते आणि नोकरी हे त्याचे सर्वांत ठळक दिसणारे ठिकाण असते.

पहिल्या अवस्थेविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या विषयावरील एक मूलभूत निबंध 1977 सालचा आहे. थॉमस फेरेन्स, जेम्स स्टोनर आणि ई. कर्बी वॉरन यांनी तो लिहिला. करिअरचे पठार म्हणजे पुढील बढतीची शक्यता अत्यंत कमी झालेली अवस्था, एवढीच त्यांची व्याख्या आहे. त्या व्याख्येत माणसाच्या कार्यक्षमतेविषयी एक शब्दही नाही. उलट, पठारावर असूनही उत्तम काम करणाऱ्यांचा त्यांनी स्वतंत्र गट मानला. त्यामुळे आपले सहकारी पुढे गेले, यावरून आपली गुणवत्ता घटली असा अर्थ काढण्याचे काहीही कारण नाही.

आपल्या वर्णनावरून मला ही दुसरी अवस्था वाटते. तसे असेल, तर प्रेरणेची वाट पाहू नका. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांमधील 238 व्यक्तींच्या रोजनिश्यांतील सुमारे 12,000 नोंदी अभ्यासल्या. कामाच्या दिवशी मन उत्साही ठेवणाऱ्या घटनांमध्ये त्यांना सर्वांत वरचढ आढळली ती अर्थपूर्ण कामात झालेली प्रगती, मग ती छोटी का असेना. म्हणजे प्रेरणा ही काम सुरू होण्याची पूर्वअट असतेच असे नाही. पुष्कळदा ती काम पुढे सरकल्याचा परिणाम असते. यातील 'अर्थपूर्ण' हा शब्द मात्र नजरेआड करू नये. ज्या अहवालाचा उपयोग कोणाला होतो हेच ठाऊक नाही, तो वेळेत पूर्ण केल्याने केवळ यादीतील एक ओळ कमी होते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की आपल्या नेहमीच्या अहवालांपैकी एक निवडा आणि तो प्रत्यक्षात कोण वाचते, त्यावरून कोणता निर्णय घेतला जातो, हे त्या व्यक्तीला भेटून विचारा. ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची एका शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याशी जेमतेम काही मिनिटांची भेट घडवली गेली. महिनाभरानंतर त्यांनी मिळवलेल्या देणग्या दुपटीहून अधिक वाढलेल्या आढळल्या. कामात काहीच बदल झाला नव्हता, ते कोणासाठी आहे एवढेच त्यांना डोळ्यांसमोर दिसले होते. भेटीत आपल्याला असेही कळू शकते, की तो अहवाल आता कोणालाच नको आहे. तसे झाले तर तो बंद करण्याचा प्रस्ताव मांडणे हेच आपले पहिले नवे काम ठरेल.

सायंतारा

वरील प्रतिसाद मला पटला, परंतु त्याआधी एक पायरी आहे आणि ती ओलांडून पुढे जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण कंटाळला आहात की थकला आहात, हे आधी ठरवायला हवे. दोन्हींत मन लागत नाही, पण कंटाळलेल्या माणसाला नवे आव्हान दिले तर तो उभा राहतो आणि थकलेल्याला तेच आव्हान दिले तर तो अधिक खचतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात 'बर्नआउट'चा समावेश आजार म्हणून नव्हे, तर व्यावसायिक जीवनाशी निगडित घटना म्हणून केला आहे आणि त्याचे तीन पैलू सांगितले आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हे कामावरील दीर्घकालीन, आटोक्यात न आलेल्या ताणातून उद्भवते. आपल्या लिहिण्यात दुसऱ्या पैलूची छाया दिसते, पहिल्याची दिसत नाही; तरी आपण स्वतःच तपासून पाहा. सुट्टीनंतर ताजेतवाने वाटते का? कामाबाहेरच्या, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत अजून रस वाटतो का? झोप नीट लागते का? रस सर्वच गोष्टींतून गेला असेल आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर तो करिअरचा प्रश्न मानून स्वतःला ढकलत राहू नका; डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

अर्धविराम

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सायंतारा, आपले प्रश्न मी स्वतःला शांतपणे विचारले. झोप व्यवस्थित आहे, सुट्टीत मी आनंदी असतो, वाचनाची आवडही टिकून आहे. मन जड होते ते कामाच्या टेबलाशी बसल्यावरच. कार्यालयातही एक वेळ अशी असते, की जेव्हा मला घड्याळाकडे पाहावेसे वाटत नाही: नव्या सहकाऱ्यांना आकडेवारी कशी वाचायची हे समजावताना. हे माझे अधिकृत काम मात्र नाही.

पूर्वरंग

आपल्या शेवटच्या दोन वाक्यांत बरेचसे उत्तर आहे, असे मला वाटते. एमी व्रेस्निएव्स्की आणि जेन डटन यांनी 2001 साली अशा कर्मचाऱ्यांचे वर्णन केले होते, जे आपल्याला नेमून दिलेले काम आतल्या आत नव्याने घडवतात. काही जण कामांची व्याप्ती बदलतात, काही जण कोणाशी किती संबंध ठेवायचा हे बदलतात, तर काही जण त्या कामाकडे पाहण्याची दृष्टीच बदलतात. रुग्णालयातील काही सफाई कर्मचारी स्वतःला रुग्णांची काळजी घेणाऱ्यांपैकीच एक मानत आणि त्याप्रमाणे वागत, हे त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. शिकवणे हे आपल्या कामात आधीच शिरले आहे. त्याला अधिकृत जागा मिळवून देणे एवढेच उरले आहे.

तरीही टाचण यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. जागेवर राहून काम घडवण्याला मर्यादा असतात आणि त्या बहुधा वरिष्ठांच्या हातात असतात. वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार नाही, कौशल्य वापरायला वाव नाही आणि जिव्हाळ्याची माणसे नाहीत, अशा ठिकाणी केवळ निर्धाराच्या बळावर उत्साह टिकवण्याचा सल्ला देणे मला अन्यायाचे वाटते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी स्वायत्तता, सक्षमता आणि आपुलकी या तीन मूलभूत मानसिक गरजा मानल्या आहेत, आणि त्या भागणे किंवा न भागणे हे परिस्थितीवरही तितकेच अवलंबून असते. म्हणून आत प्रयत्न करतानाच बाहेरचे दारही किलकिले ठेवावे.

ते ठेवण्याचा मार्ग म्हणजे नोकरीच्या जाहिरातींना धडाधड अर्ज करणे नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली दाखवून दिले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ 16.7 टक्के लोकांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी वरचेवर भेट होत असे. बाकीच्यांच्या भेटीगाठी अधूनमधून किंवा क्वचितच होत. जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्यालाही ठाऊक असते. पुढे 2022 साली लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरील प्रयोगांतही मध्यम प्रतीच्या सैल ओळखी नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्या. तेव्हा जुन्या, संपर्क विरळ झालेल्या सहकाऱ्यांना पत्र लिहा. नोकरी मागू नका. त्यांच्याकडे विश्लेषणाचे आणि प्रशिक्षणाचे काम कसे चालते, एवढेच विचारा. त्या उत्तरांवरून आपली कंपनी सोडण्यासारखी आहे की नाही, हे आजच्या मनःस्थितीपेक्षा अधिक स्पष्ट दिसेल.

टाचण

पूर्वरंग यांचा आक्षेप मला मान्य आहे. परिस्थितीचा दोष माणसाच्या माथी मारू नये. फक्त बाहेर चौकशी करतानाही हातात दाखवण्याजोगे पूर्ण काम असले, तर बोलणे सोपे जाते, म्हणून दोन्ही बरोबरच करावे.

अभ्यासक्रम अर्धवट राहण्याविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगायची राहिली होती. 'यंदा नवे कौशल्य शिकेन' असा संकल्प सैल असतो. 'मंगळवारी दुपारचा अहवाल पाठवला, की लगेच अर्धा तास प्रशिक्षणाची टिपणे लिहीन' असा बांधलेला संकल्प पाळला जाण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. पीटर गॉल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली अशा 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला होता आणि त्यांत या पद्धतीचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. मी आपल्या जागी असतो, तर नवा अभ्यासक्रम तूर्त बाजूला ठेवला असता आणि नव्या सहकाऱ्यांना तोंडी समजावता तेच एका छोट्या मार्गदर्शिकेत उतरवले असते, कारण तिचा वाचक समोर बसलेला आहे.

अर्धविराम

मार्गदर्शिकेची कल्पना मनापासून आवडली. वरिष्ठांकडे याविषयी कोणत्या शब्दांत बोलावे?

पूर्वरंग

'मला कंटाळा आला आहे' अशी सुरुवात करू नका, कारण मग संभाषण आपल्या मनःस्थितीभोवतीच फिरत राहील. नव्या माणसाला स्वतंत्रपणे अहवाल करायला सध्या किती काळ लागतो आणि त्याच्या कोणत्या चुका पुन्हा पुन्हा दुरुस्त कराव्या लागतात, याची नोंद सोबत न्या. मार्गदर्शिकेचा पहिला भाग लिहून तयार असू द्या. मग पुढच्या तिमाहीपुरती, आठवड्यातील ठरावीक वेळ या कामासाठी अधिकृतपणे मागा आणि त्या बदल्यात कोणता जुना अहवाल बंद करता येईल किंवा दुसऱ्याकडे सोपवता येईल, हेही आपणच सुचवा. मुदत ठरलेली असली, की वरिष्ठांना होकार देणे सोपे जाते. नकार आलाच, तर त्याचे कारण विचारून घ्या. अंदाजपत्रकाची अडचण आणि इच्छेचा अभाव यांत फार मोठा फरक आहे, आणि नोकरी बदलण्याचा निर्णय त्या उत्तरावर बराचसा अवलंबून राहील.