मदत हवी आहे: गाण्यातले आकडे मोजताना गडबडतात

आम्ही इंदूरला असतो. मुलगी साडेचार वर्षांची, शाळेत हिंदी-इंग्रजी, मराठी फक्त घरात. म्हणून आकडे गाण्यातून शिकवले. एक ते वीस सुरात धडाधड म्हणते, पण ताटलीत सात शेंगदाणे ठेवले की बोट चौथ्यावर आणि तोंड नवावर! पाचाच्या पुढे काय विचारलं, तर पुन्हा एकपासून गाणं सुरू. चाल संथ केली, आकड्यागणिक टाळी दिली. टाळ्याही तशाच पळतात. जिन्याच्या पायऱ्या मात्र बरोबर मोजते, हे विशेष. मोबाइल नको आहे. दिवसभर ती आजीजवळ असते, त्यांना लांबलचक गाणी जमत नाहीत. एकेक वस्तू उचलत म्हणायचं किंवा दहापासून उलटं येणारं, दोन-चार ओळींचं मराठी गाणं कुणाला येतं का? आणि तोवर जुनं गाणं बंद ठेवावं का?