फुलपाखरं टेकतात आणि निघून जातात, शिंजीर तर फिरकतच नाही. काय लावावं?

प्रश्न – गच्ची_बाग

गच्चीवर सकाळपासून साधारण सहा तास ऊन असतं. वीसेक कुंड्या आहेत: गेंदेदार झेंडू, गुलाब, डबल जास्वंद, सदाफुली, फूटभर उंचीचा कढीपत्ता आणि लिंबाचं एक रोप. फुलपाखरं येतात, एखाद्या फुलावर क्षणभर बसतात आणि जातात. शिंजीर (सनबर्ड, फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) समोरच्या झाडावर रोज दिसतो, इकडे येत नाही. नेटवर फुलपाखरं आणि हमिंगबर्डसाठी ज्या याद्या मिळतात त्यात बी बाम, ट्रंपेट क्रीपर अशी नावं आहेत. ती लावावीत का? कढीपत्ता अळ्या खातात म्हणून दर पंधरा दिवसांनी निंबोळी तेल फवारलं जातं, ते चालू ठेवावं का? आणि साखरेच्या पाण्याची बाटली टांगून पक्षी येतील का?

उत्तर – पानफुटी

आधी निंबोळी तेल बंद करा. कढीपत्त्यावरच्या त्या अळ्या म्हणजेच तुमची फुलपाखरं. बहुतेक लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मनच्या असतील. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या काळपट-पांढऱ्या दिसतात, शेवटची कात टाकली की हिरव्या होतात. खात्री करायची असेल तर मोठ्या अळीला काडीनं हलकेच स्पर्श करा. डोक्यामागून दोन शिंगांसारखा ओलसर अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. शत्रूला घाबरवायची ही तिची सोय. एकदा पाहिलं की पुन्हा छेडू नका.

फुलं म्हणजे फक्त खाणावळ. मादी थांबते ती अंडी घालायला, आणि अंडी ती अळीला चालणाऱ्या झाडावरच घालते. म्हणून यादी फुलांपासून नाही, पानांपासून सुरू करा. कढीपत्ता आणि लिंबू तुमच्याकडे आहेतच. रुई लावलीत तर प्लेन टायगर फुलपाखरू येईल. पानफुटीवर रेड पिएरो येतं, त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, त्यामुळे पानावर फिकट डाग दिसतात. तो रोग समजून पान तोडू नका. कृष्णकमळावर टॉनी कोस्टर, कोरांटीवर पँझी ही फुलपाखरं. जागा असेल तर टाकळ्याची चार रोपं उगवू द्या, एमिग्रंट जातीची पिवळसर फुलपाखरं त्यावर अंडी घालतात.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. छाटताना हातमोजे घाला आणि लहान मुलं, जनावरं यांच्यापासून कुंडी लांब ठेवा.

आता फुलं. तुमचा गेंदेदार झेंडू आणि डबल जास्वंद दिसायला भरगच्च, पण पाकळ्यांच्या गर्दीत मध सापडत नाही किंवा नसतोच. एकेरी झेंडू, एकेरी झिनिया, कॉसमॉस आणा. पेंटास आणि स्टॅकिटार्फेटा या दोन झाडांवर माझा सर्वात जास्त भरवसा आहे. स्टॅकिटार्फेटाच्या लांब तुऱ्यावर रोज मोजकीच जांभळी फुलं उमलतात, खालून वर सरकत जातात, म्हणून एकेक तुरा कितीतरी दिवस चालतो. एकच रोप लावू नका. एकाच जातीची तीन-चार रोपं शेजारी ठेवली तर लांबून ठिपका नाही, पट्टा दिसतो.

घाणेरीवर फुलपाखरं भरपूर येतात हे खरं. पण पक्षी फळं खातात, बिया लांब टाकतात आणि ती रानात माजते. पेंटास तेच काम करतं, घाणेरी नको.

उत्तर – चोचीत_मध

शिंजीराबद्दल लिहितो. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत असतात, त्या याद्या तिकडच्या बागांच्या. बी बाम दमट हवेत भुरीनं (पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीनं) लवकर खराब होतं. त्यामागे लागू नका.

हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो. शिंजीर थोडा वेळ फडफडतो, पण त्याला बसून प्यायला आवडतं. म्हणून फुलाजवळ पेन्सिलीएवढी जाड फांदी हवी. नळीसारखी लाल-केशरी फुलं लावा: हमेलिया, रसेलिया, मिरची जास्वंद, रुक्मिणी, कर्दळ. कुंडीसाठी हमेलिया सर्वात सोयीचा. 14 ते 16 इंची कुंडी, पूर्ण ऊन, आणि बहर ओसरला की एक तृतीयांश छाटणी. नव्या फुटीवर पुन्हा झुबके येतात. रसेलियाच्या फांद्या लोंबतात, त्यामुळे कुंडी कठड्यावर किंवा उंच स्टँडवर ठेवा, पण वाऱ्यानं पडणार नाही अशी बांधून.

मोठ्या एकेरी जास्वंदीवर शिंजीर समोरून येण्याऐवजी देठाजवळ भोक पाडून मध काढतो. फुलाच्या बुडाशी बारीक चीर दिसली तर ती कीड नाही.

साखरेच्या पाण्याची गरज नाही. हमिंगबर्डसाठी एक भाग साखर, चार भाग पाणी असं प्रमाण वापरतात. पण उन्हात ते लवकर आंबतं, बुरशी धरतं, मुंग्या लागतात, आणि बाटली एक दिवसाआड गरम पाण्यानं घासावी लागते. हे जमणार नसेल तर टांगूच नका. मध किंवा रंग तर कधीच घालू नये.

शिंजीर पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो. घरटंही कोळ्याच्या जाळ्यांनी बांधतो, लोंबत्या पिशवीसारखं. गच्चीच्या कोपऱ्यातली जाळी झाडू नका. घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत त्या फांदीला हात लावू नका. आणखी एक: विणीचा हंगाम संपला की जांभळ्या शिंजीराचा चमकदार नर मादीसारखा फिकट होतो, फक्त गळ्यापासून पोटावर गडद पट्टा उरतो. नर नाहीसा झाला असं समजू नका.

गच्ची_बाग

धन्यवाद. फवारणी थांबवतो. पण फूटभर कढीपत्ता चार अळ्यांनी दोन दिवसांत संपवला तर? आणि मोठ्या झालेल्या अळ्या अचानक दिसेनाशा होतात, त्या मरतात का?

उत्तर – पानफुटी

फूटभर रोप चार अळ्यांना पुरत नाही, हे बरोबर. दोन-तीन रोपं ठेवा आणि जादा अळ्या पानासकट अलगद दुसऱ्या रोपावर न्या. कढीपत्त्याच्या अळ्या लिंबावर चालतात. स्वयंपाकासाठी वेगळं रोप मच्छरदाणीच्या कापडात झाकून ठेवलंत की भांडण मिटलं. मादी कोवळ्या फुटीवर अंडी घालते, त्यामुळे दोन रोपं आलटून पालटून छाटली तर एकावर तरी नेहमी पालवी असते.

पूर्ण वाढलेली अळी कोष करायला बऱ्याचदा झाड सोडून जाते. कुंडीची कड, भिंत, शेजारचं रोप असं पाहा. कुंडीत दोन वाळक्या काड्या खोचून ठेवा. कोष सापडला की हलवू नका. त्याला भोक दिसलं किंवा तो काळा पडून आक्रसला तर आत परजीवी गांधीलमाशी किंवा माशी वाढली असं समजा. असं काही प्रमाणात होणारच.

उत्तर – कुंडीमाती

एक गोष्ट राहिली. नर्सरीतून आणलेल्या रोपावर आधीच कीटकनाशक मारलेलं असू शकतं. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं रसात भिनतात आणि पानांत, मधात उतरतात. नवं रोप निदान महिनाभर वेगळं ठेवा, जुनी पानं काढा, नवी फूट आली की मग बाकीच्यांत मिसळा. बीपासून किंवा कलमानं घरीच रोप केलं तर प्रश्नच नाही.

माती: दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट. युरियासारखं नत्र जास्त झालं तर पानं माजतात, फुलं रुसतात. रुईच्या शेंड्यावर पिवळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) येतोच. त्याला औषध नको, आधी पानाखाली फुलपाखराची अंडी आहेत का बघा आणि मग मावा बोटानं चोळून काढा.

शेवटी एक उथळ बशी: त्यात रेती आणि माती, चिमूटभर मीठ, आणि ओलसर राहील इतकंच पाणी. नर फुलपाखरं क्षार घ्यायला चिखलपान करतात. पाणी साचू दिलंत तर मात्र डास होतील.