पित्तनलिकेचा कर्करोग: शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करावी की पोट उघडून?

प्रश्न:
माझ्या मोठ्या भावाला यकृताच्या मुखाशी पित्तनलिकेचा कर्करोग आहे आणि कावीळ उतरावी म्हणून सध्या स्टेंट टाकला आहे. एका सर्जननी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी मात्र पोट उघडूनच करावी असे निक्षून सांगितले. लहान जखम आम्हाला साहजिकच हवीशी वाटते. पण गाठ पूर्ण निघण्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक पडतो का?

प्रतिसाद १:
गाठ कोठे आहे, यावर बरेच अवलंबून आहे. यकृताच्या आत, कडेला असलेली गाठ दुर्बिणीतून काढणे आता बऱ्यापैकी रुळले आहे. यकृतमुखाशी मात्र यकृताचा उजवा किंवा डावा भाग, त्यालगतचा पुच्छखंड (यकृताचा मागचा छोटा भाग), पित्तनलिका आणि लसिकाग्रंथी हे सारे बहुधा एकत्रच काढावे लागते आणि उरलेल्या यकृतातील काही मिलिमीटर रुंदीच्या नलिकांची तोंडे लहान आतड्याला शिवावी लागतात. हा रोग नलिकेच्या भिंतीतून डोळ्यांना दिसतो त्याच्याही पुढे सरकतो. म्हणून कापलेली कड शस्त्रक्रिया चालू असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि रोगपेशी आढळल्यास, शक्य असेल तर, आणखी पुढे कापतात. पोर्टल व्हेनला, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला, गाठ चिकटली असेल, तर मी पोट उघडण्याच्याच बाजूने कौल देईन.

प्रतिसाद २:
तुमच्या भावाची गाठ वरच्या टोकाशी आहे, पण पित्तनलिकेच्या खालच्या टोकाच्या गाठीसाठी व्हिपल शस्त्रक्रिया (स्वादुपिंडाचे डोके, त्यालगतचे आतडे आणि नलिकेचा खालचा भाग एकत्र काढणे) करतात आणि तिच्याविषयी दोन्ही पद्धतींची रुग्णांवर तुलना करणाऱ्या चांगल्या चाचण्या उपलब्ध आहेत. नेदरलँड्समधील लेपर्ड-२ चाचणी वेळेआधी थांबवावी लागली, कारण ९० दिवसांत गुंतागुंतींमुळे दुर्बीण गटातील ५० पैकी ५, तर खुल्या गटातील ४९ पैकी १ रुग्ण दगावला. आकडे लहान असल्याने हा फरक निर्णायक म्हणता येत नाही. उलट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील मोठ्या चाचणीत, जिथे प्रत्येक सर्जनला अशा किमान १०४ शस्त्रक्रियांचा अनुभव होता, मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. रुग्णालयातला मुक्काम मात्र जेमतेम एका दिवसाने कमी झाला. एरवी जुन्या नोंदींवरून केलेल्या तुलना जपून वाचाव्यात, कारण दुर्बिणीसाठी सोप्या गाठी निवडल्या जातात.

प्रश्नकर्ता:
दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावे लागले तर?

प्रतिसाद १:
ते अपयश नव्हे. रक्तस्राव आवरेना किंवा कड मोकळी (रोगपेशी नसलेली) मिळेना, तर वेळीच उघडणारा सर्जन मला अधिक भरवशाचा वाटतो. नेमक्या यकृतमुखाच्या किती शस्त्रक्रिया आपण दुर्बिणीतून केल्या आणि त्यांत कड किती वेळा मोकळी मिळाली, हे पहिल्या सर्जनना थेट विचारा. शिवाय उरणारे यकृत पुरेसे आहे का, याचे सीटी स्कॅनवरील मोजमापही मागा, कारण ते अपुरे असल्यास पोर्टल व्हेनची एक शाखा आधी बंद करून उरलेला भाग वाढू द्यावा लागतो.