प्रतिसाद : यिर्मया २९:११ कोणाला उद्देशून आहे?

बायबलमधल्या यिर्मया २९:११ मध्ये देव म्हणतो, 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत'. या वचनाचा अर्थ मनातली नोकरी नक्की मिळणार असा घ्यायचा का, असं एकाने विचारलंय. मी तसा घेणार नाही. आधी त्याच अध्यायातली त्याआधीची दहा वचनं वाचा. हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतून बाबेलला कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते पाठवलं. त्यात काय लिहिलंय? घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा. ज्या नगरात बंदिवान म्हणून आलात त्याच्यासाठी प्रार्थना करा (हे मला सगळ्यात अवघड वाटतं). दहाव्या वचनात सुटकेची मुदतही आहे : सत्तर वर्षं! आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेचं आश्वासन देतो, आणि तो खोटा ठरतो.

म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांच्या हयातीत परतीचा दिवस येणारच नव्हता. तरीही 'आशा' देण्याचं वचन त्यांनाच दिलंय, आणि 'तुम्ही' इथे अनेकवचनी आहे, साऱ्या समाजाला. नोकरीसाठी प्रार्थना जरूर करा. पण ती मिळाली नाही, तर देवाने शब्द मोडला असं कृपा करून समजू नका.