मदत हवी आहे: बडोद्यातलं जपानी चिकन आणि सासूबाईंची माशांची अ‍ॅलर्जी

नमस्कार मंडळी,

अलकापुरीकडे एक जपानी चिकनचं हॉटेल नुकतंच उघडलंय. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर तिथे दुपारचं जेवून आले, आणि आता घरच्यांना न्यायचं घाटतंय. जायचं तर या रविवारीच, कारण पुढे श्रावण. एकदा तो लागला की आमच्याकडे गणपती उठेपर्यंत सगळं बंद.

अडचण सासूबाईंची. मासे खाल्ले की तासाभरात अंगभर गांध्या उठतात, एकदा तर ओठही सुजले होते. चिकन मात्र आवडीने खातात. मला वाटलं, चिकनचंच हॉटेल आहे, मग काळजी कसली! वेटरला विचारलंही. तो म्हणाला, "नो फिश मॅडम, ओन्ली चिकन." पण लंच सेटबरोबरच्या मिसो सूपचा पहिला घोट घेतला आणि सुक्या मासळीचा वास आला. अगदी पुसट होता, पण माझं आजोळ मालवणचं, मला तो कळायचाच.

बाकी जेवण झकास. कराआगे म्हणजे आलं-लसूण आणि सोया सॉसमध्ये मुरवलेले मांडीचे तुकडे, बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळलेले. वरचं कवच पांढरट, खडबडीत, दाताखाली कर्रकन फुटतं आणि आतून रस सुटतो. मसाल्याचा पत्ता नाही तरी फिकं लागत नाही. मैत्रिणीने ओयाकोदोन घेतलं: गरम भातावर चिकन, कांदा आणि थलथलीत अंडं. मला गोडसर वाटलं, पण बडोद्यात जन्म काढलेल्यांना गोडाचं काय एवढं!

तर विचारायचं हे, की चिकनच्या पदार्थांत मासे नेमके कुठे लपलेले असतात आणि वेटरला कसं विचारावं? सासऱ्यांचेही दोन प्रश्न आहेत. कलेजी-पेठा मिळतो का, आणि यात दारू घालतात म्हणे, ते खरं का? (दुसरा प्रश्न काळजीपोटी आहे की आशेपोटी, ते विचारू नका.)

ओसाका रिटर्न

ताई, तुमचं नाक बरोबर आहे. तो वास 'दाशी'चा. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांचं ते पातळ पाणी. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक वाळवतात आणि त्याचे कागदासारखे पातळ कीस काढतात. बोनिटो आपल्या कुप्याच्याच कुळातला. जपानी स्वयंपाकात दाशीला कोणी 'मासे' म्हणून मोजतच नाही, त्यामुळे वेटर खोटं बोलला असं नाही. त्याला "फिश आहे का" विचारलं की तो ताटात तुकडा शोधतो. "दाशी किंवा दाशी पावडर कशाकशात आहे, किचनमध्ये विचारून सांगा" असं म्हणा.

मिसो सूप, ओयाकोदोन, उदोन म्हणजे जाड नूडल्सचा रस्सा, गुंडाळीचं ऑम्लेट, या सगळ्यांत दाशी असते असंच धरून चाला. लंच सेटमध्ये सूप येतंच, ते टेबलावर येऊच देऊ नका. कराआगेत सहसा नसते, पण त्याच कढईत कोळंबीचा किंवा माशाचा तेम्पुरा (म्हणजे जपानी भजी) तळतात का, हे जरूर विचारा. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे याकितोरी, निखाऱ्यावर भाजलेल्या काड्या. त्यात 'शिओ' मागवा, म्हणजे नुसतं मीठ. 'तारे' लावलेल्या गोडसर काड्यांचं सॉस कशाचं आहे ते आधी विचारून घ्या.

सासऱ्यांना सांगा, कलेजी, पेठा, हृदय, कातडी, कूर्चा, सगळ्याच्या काड्या असतात. जपानात मात्र याकितोरी हा मुख्यतः संध्याकाळचा प्रकार, दुपारी मिळेल का ते फोन करून पाहा.

गांधी आणि गांध्या

मी डॉक्टर आहे म्हणून आगाऊपणा करतोय. माशातल्या ज्या प्रोटीनने बहुतेकांना त्रास होतो ते शिजवूनही टिकतं, तेव्हा "उकळलंय ना, मग चालेल" हे चालणार नाही. रश्शातही ते उतरतं. दुसरं म्हणजे, त्रास प्रत्येक माशाने होतो की बांगडा, कुपा असल्यांनीच? हे मासे नीट थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामीन तयार होतं आणि अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसालाही अशाच गांध्या येतात. ओठ सुजले होते म्हणता, तर रविवारी घरच्या घरी प्रयोग नकोत. आधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते देतील ते औषध पर्समध्ये ठेवा. श्वास लागला तर वाट न पाहता १०८.

दांडियाबाजारकर

काकांच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मूळ कृतींत साके (तांदळाची दारू) आणि मिरिन (स्वयंपाकात घालायची गोड तांदळाची दारू) असतात. खऱ्या मिरिनमध्ये साधारण १४ टक्के अल्कोहोल. पण १ टक्क्याहून कमी अल्कोहोलचं मिरिनसारखं सीझनिंगही मिळतं, आणि १९६० पासून दारूबंदी असलेल्या राज्यात तेच किंवा साखर-व्हिनेगरवर भागवत असावेत. काका, निराशा होईल.

जाता जाता: ६७५ साली जपानच्या तेम्मू सम्राटाने एप्रिल ते सप्टेंबर गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली होती. म्हणजे त्यांचाही चातुर्मासच की!

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. फोन केला. सूपमध्ये आणि ओयाकोदोनमध्ये दाशी पावडर आहे, तारे सॉसमध्ये नाही. तेम्पुरा एकाच कढईत तळतात, म्हणजे कराआगेही बाद. शिओच्या काड्या दुपारीही मिळतात, पेठ्याच्यासुद्धा, आणि त्या वेगळ्या जाळीवर भाजून देऊ म्हणाले. सूप आईंच्या ताटात नको, हे लिहून घेतलं त्यांनी. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. ते हो म्हणाले तर रविवारी साडेबाराचं टेबल, नाहीतर बाबा आणि मी दोघंच जाऊन येऊ, आईंनीच तसं सुचवलंय.