धुळीचा लोट आणि त्याची उंची
उपग्रहाच्या छायाचित्रात धुळीचा लोट जितका गडद, तितकी जमिनीलगतची हवा खराब, असे म्हटले जाते, पण ते मला पटत नाही. उपग्रहांवरील मोडिस या उपकरणाच्या चित्रात हवेच्या संपूर्ण स्तंभातील धूळ एकत्रच दिसते. उन्हाळ्यात सहारातून अटलांटिकवर येणारा थर बहुधा दमट सागरी हवेच्या वरून वाहतो. कॅलिप्सो उपग्रहाने 2006 ते 2023 या काळात लेसरचे स्पंद खाली सोडून, प्रकाश परत येण्यास लागलेल्या वेळावरून अशा थरांची उंची मोजली. शिवाय धुळीचे कण वेडेवाकडे असल्याने प्रकाशाचे ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) बदलते, दमट हवेतील मिठाच्या गोल थेंबांमुळे ते जवळजवळ बदलत नाही, आणि म्हणूनच दोन्ही थर वेगळे ओळखता येतात. मात्र कॅलिप्सोला दिसणारा हवेचा उभा छेद जेमतेम 100 मीटर रुंदीचा असतो. शेजारून जाणारा लोट त्यातून सहज निसटतो.