मदत हवी आहे : माळव्याचा उतार आणि प्रावरणातील प्रवाह

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या मराठी वाचन मंडळात मला भूरूपांवर बोलायचे असून एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी आहे.

पर्वतांची उंची बहुतांशी जाड, हलक्या कवचाच्या प्रावरणावर (कवचाखालच्या जड खडकाच्या थरावर) तरंगण्यातून येते, एवढे मला समजते. परंतु प्रावरणातील घन खडकही वर्षाला काही सेंटिमीटर अशा संथ गतीने वाहतो, त्याचा तप्त भाग चढताना भूपृष्ठ उचलतो आणि थंड, जड भाग बुडताना ते खाली ओढतो, असेही मानले जाते. दक्षिण आफ्रिकेचे १००० मीटरहून उंच पठार हे त्याचे नेहमीचे उदाहरण (त्यावरही मतभेद आहेतच).

आता आपल्याकडचे पाहा. महूजवळच्या जानापाव टेकडीवर उगम पावणारी चंबळ, नर्मदेचे खोरे दक्षिणेला अगदी जवळ असूनही, उत्तरेला यमुनेकडे जाते, कारण माळव्याचे पठारच त्या बाजूला कलले आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, नर्मदा-सोन पट्ट्यातील भ्रंश (ज्यांवरून खडक सरकले अशा भेगा) आणि प्रावरणाचा रेटा, यांपैकी या कलाचे श्रेय कोणाला किती, हे वेगळे कसे काढतात? भूकंपलहरींवरून कवचाची जाडी काढून तिच्यामुळे अपेक्षित असलेली उंची प्रत्यक्ष उंचीतून वजा केली, तर उरलेली सगळी प्रवाहाची मानावी, की शिलावरणाच्या (कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा कडक भाग यांच्या) तापमानाचा व घनतेचा वाटा आधी वगळावा लागतो? मला तरी दुसरे पटते. माळव्यासाठी अशी वजाबाकी कोणी पाहिली असल्यास कृपया आकड्यांसह सांगावे.